चरणनाथांचा टब

त्या गुरुवारी सकाळी हिवरदऱ्यातल्या बंद पडलेल्या कापूस खरेदीच्या शेडमध्ये जेवढे पाय जमले, तेवढे आमच्या ग्रामसभेला आजवर कधी जमले नाहीत. सरपंचांचे पाय होते, पोलीस पाटलांचे होते, निंदणाला जाणाऱ्या यच्चयावत बायकांचे होते. समोर गादीवर श्री श्री चरणनाथ बाबा बसले होते. बाबा फक्त पायांचे. डोकं दुखत असेल तर दुसरा बाबा बघा, असं ते स्वतःच सांगायचे. एवढा प्रामाणिकपणा म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसणारच.

आमचं गाव घाटंजी तालुक्यात. इथल्या काळ्या मातीत पावसाळाभर ओल्या पायांनी काम करायचं म्हटलं की बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, भेगाळतात, मरणाची खाज सुटते. त्याला चिखल्या म्हणतात, आणि चिखल्या झाल्या म्हणून कोणी रडत बसत नाही. काहींची नखं पिवळी पडून जाड होतात, खडूसारखा भुगा होतो. तेही चालतं, नखांकडे बघायला वेळ कोणाला आहे? पण बाबा आले आणि गावाला कळलं की हा आजारच नव्हता. कोणीतरी जळणाऱ्या माणसानं आपल्या पायाखालची माती उचलून नेली होती आणि पायांवर करणी केली होती. खाजेला एकदम इज्जत आली.

करणी काढायची पद्धत मोठी देखणी. सोनेरी रंग दिलेला प्लास्टिकचा एक टब, त्याला गुडघ्यापर्यंत भगवं कापड गुंडाळलेलं. टबाच्या तळाशी जाळी. त्यात कोमट पाणी आणि वर बाबांनी मंत्रलेलं मूठभर मीठ. रोग्यानं पाय बुडवायचे, डोळे मिटायचे. बाबा काहीतरी पुटपुटत आणि बघता बघता पाणी आधी पिवळं, मग तांबडं, मग चहाच्या गाळासारखं होई. वर फेस. बेचकीत भेग असलेल्यांना झिणझिण्याही येत, म्हणजे देवानं हात लावला. "देख माय," बाबा म्हणत, "किती जहर भरून ठेवलं होतं तुह्यात. घरातलीच बाई हाय, नाव मी घेत नाही." नाव ते कधीच घेत नसत. घरी गेल्यावर बाया आपापल्या जावांची नावं घेत, आणि तिथून पुढचं बाबांना करावं लागत नसे.

शेवटी चेला एका पंचानं सगळ्यांचे पाय पुसायचा. पंचा एकच. तो धुवायचा नाही, शक्ती निघून जाते. मला विचाराल तर सगळ्या धंद्यात खरी करामत त्या पंचाची होती. एकीच्या बेचकीतलं घेऊन तो दुसरीच्या बेचकीत नेऊन ठेवायचा, आणि ज्यांना काही नव्हतं त्या पुढच्या गुरुवारी खाजवत यायच्या. बाबांची गर्दी वाढतच होती.

मी या गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. लोक मला निकिता मॅडम म्हणतात आणि पाठीमागे भांडकुदळ म्हणतात. दोन्ही खरं आहे. तरी मी सुरुवातीला हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या पंचफुलाताई बाबांच्या नादी लागल्या, आणि मग हसणं सुचेना.

पंचफुलाताईंना साखरेचा आजार. दिवसभर भांडी घासून पाय ओले, आणि बोटांत चांदीची जोडवी. जोडव्याखालची ओल कधी वाळायचीच नाही. तिथली कातडी सोलून आली होती, शेजारचं नख उचललं गेलं होतं. मी म्हटलं, ताई, जोडवी काढून ठेवा, पाय कोरडे करा, घाटंजीला डॉक्टरांना दाखवू. त्यांनी कानाला हात लावले. नवरा जित्ता असताना जोडवी काढायची? आमच्याकडे सुजलेल्या बोटात जोडवं रुतलं तरी बाई ते काढत नाही. आधीच ही समजूत, त्यात बाबांनी भर घातली. जोडवं उतरवलं की करणी उडी मारून नवऱ्याच्या पायात जाईल, म्हणे. शिवाय साखरेच्या गोळ्या बंद. गोळ्यांची उष्णता नखावाटे बाहेर पडते, असा शोध बाबांनी लावला होता. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, तसलाच प्रकार.

एके दिवशी पंचफुलाताई कामावर आल्याच नाहीत. घरी गेले तर अंगात ताप, पाय घोट्यापर्यंत लालभडक. बोट फुगून जोडवं दिसेनासं झालेलं. नवरा मारोतीभाऊ उशाशी बसलेला. मी म्हटलं, भाऊ, आत्ता गाडी करा, हा पाय हातचा जाईल. मारोतीभाऊ भला माणूस, पण भलेपणाला अक्कल लागते असं थोडंच आहे. म्हणाला, उद्या गुरुवार हाय, बाबाची शेवटची बैठक हाय, मग नेतो. मी ओरडले, हात जोडले. पंचफुलाताईच म्हणाल्या, "नको मॅडम. दवाखान्यात जोडवं कापतीन. मले पाय गेला तर चालन, ह्याईले काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?"

तळपायाची आग मस्तकात गेली, असं म्हणतात. माझा पाय धडधाकट असून गेली.

टबाचं गुपित मला कळायला फार डोकं लागलं नव्हतं. बाबांचा चेला रोज सकाळी ग्रामपंचायतीत फवारणी पंपाची बॅटरी चार्जिंगला लावायचा. ना याला शेत, ना पाठीवर पंप. मग त्या बॅटरीनं हा फवारत काय होता? त्याच दुपारी मी मारोतीभाऊला शाळेत ओढत आणलं. बादलीत पाणी, मीठ, लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि तसलीच बॅटरी. थोड्या वेळात पाणी पिवळं, मग तांबडं, वर फेस. मी विजयी मुद्रेनं त्याच्याकडे पाहिलं.

मारोतीभाऊ शांतपणे म्हणाला, "पण मॅडम, ह्याच्यात पाय कुठं होता?"

"पाय नव्हता, हेच तर दाखवतेय."

"पाय नाई तर करणी कशी निघन? तुमच्या पाण्यातून गंज निघाला. बाबाच्या पाण्यातून करणी निघते. त्याईच्या टबात पाय राह्यते."

बी.एस्सी. झाल्याचा मला त्या क्षणी पश्चात्ताप झाला.

व्हरांड्यात पुंडलिकराव बसले होते. आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. तरुणपणी थ्रेशरमध्ये त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हापासून ते रबरी पायावर चालतात. पाय हुबेहूब, बोटं, नखं, सगळं कोरलेलं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत. बाहेरून आलेल्या माणसाला पँटखाली काय कळणार? त्यांनी सगळं ऐकलं, विडी विझवली आणि मारोतीला म्हणाले, "तुले टबात पाय पाह्यजे ना? माह्यापाशी एक हाय. उद्या येजो."

म्हणून गुरुवारी आम्ही शेडमध्ये होतो. घरी पंचफुलाताई तापात होत्या, पुंडलिकरावांची सून त्यांच्या उशाशी होती, आणि शाळेसमोर मी गाडी उभी करून ठेवली होती. मारोतीभाऊशी माझं एवढंच ठरलं होतं की आधी त्यानं बघायचं, मग ठरवायचं.

पुंडलिकराव लंगडत पुढे गेले. चपला काढल्या, पँट दोन बोटं वर केली आणि उजवा पाय टबात सोडला. बाबांनी दुसऱ्या पायाचं विचारलं, तर म्हणाले, तो ठीक हाय, तकलीफ याच पायाची. शेडमध्ये कुजबुज थांबली. अख्ख्या गावाला माहीत होतं की टबात काय आहे, फक्त बाबांना माहीत नव्हतं. पोलीस पाटलांनी तोंडावर रुमाल धरला.

बाबांनी डोळे मिटले. "लई जुनी करणी हाय काका. बहुत पुरानी. रात्री ठणकतो ना हा पाय?"

"ठणकत नाई महाराज. पण चालताना आवाज करते."

"हां, ते जहर बोलते आतून." बाबांनी मीठ टाकलं, कापडाखाली हात घालून टब सारखा केल्यासारखं केलं आणि मंत्र सुरू झाला. पाणी पिवळं झालं. तांबडं झालं. चांगला चहाच्या गाळासारखा रंग आला, फेस आला, नेहमीपेक्षा जरा जास्तच. बाबा गदगदून म्हणाले की पोटच्या पोरासारख्या जवळच्या माणसानं ही करणी केली आहे, याच पायाची माती उचलली आहे.

पुंडलिकरावांनी सावकाश पँट वर केली, पट्टे सोडले, आणि पाण्यातून पाय उपसून बाबांच्या मांडीवर ठेवला.

"महाराज, हा पाय कारखान्यातून आला. याले ना जाव, ना भाऊबंद. याच्यावर कोणी करणी केली, तेवढं सांगा."

शेड हसण्यानं दणाणलं. बाबांनी तो पाय असा झटकला जणू विंचू पडला. मी तेवढ्यात पुढे होऊन भगवं कापड ओढलं. खाली लाकडी पाट, पाटाखाली फवारणीची बॅटरी, दोन वायरी टबाच्या तळातून वर गेलेल्या, एक जाळीला, दुसरी शेजारच्या लोखंडी पट्टीला. बाबांचा हात कापडाखाली जायचा तो बटण दाबायला. जाळी लोखंडाची होती, अर्धी गंजून खाल्लेली. मी ती उचलून सगळ्यांना दाखवली. तुमच्या अंगातून निघालेलं जहर म्हणजे ही जाळी, म्हटलं. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड गंजून पाण्यात उतरतं, पाय असो वा नसो. बाबा शाप देऊ लागले. माझे सात जन्म किड्यामुंग्यांत जातील म्हणाले. जाऊ देत, निदान मुंग्या करणी तरी मानत नाहीत.

पुंडलिकराव एका पायावर खांबाला टेकून उभे होते. हसू ओसरल्यावर ते बायांकडे वळले. "ह्या रबराच्या पायाले चिखल्या होत नाई," ते म्हणाले. "पण मले त्या गेलेल्या पायाची खाज आजही आठवते. तुमचे पाय खाजवून राह्यले ना? मग दवाखान्यात दाखवा बाई, टबात काहून घालता?" त्यावर कोणी हसलं नाही.

मी मारोतीभाऊला शोधलं. तो गर्दीत नव्हता. पळत पळत घरी गेला होता आणि बायकोला उचलून गाडीकडे येत होता.

घाटंजीला डॉक्टर उर्वशी राठोड ड्युटीवर होत्या. त्यांनी पाय पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. बोटांच्या बेचकीत आणि नखात बुरशी वाढली होती, त्या म्हणाल्या. एरवी ती नुसती खाजवते. पण साखर असलेल्या माणसाच्या भेगेतून दुसरे जंतू आत शिरतात, तेच आता वर चढताहेत. सुई लावायची, साखर आटोक्यात आणायची, आणि सगळ्यात आधी जोडवं कापायचं, नाहीतर बोट काळं पडेल. उशीर केला तर पाय.

पंचफुलाताईंनी पाय पोटाशी ओढून घेतला. तापातही त्या नको नको म्हणत होत्या. डॉक्टर थांबल्या. मारोतीभाऊ इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो पलंगापाशी येऊन खाली बसला.

"हे जोडवं माह्या नावाचं हाय ना?" तो म्हणाला. "मग मीच सांगतो. कापा डॉक्टर मॅडम. अन् पंचफुले, मी इथंच बसलो हावो. मले काही झालं तर तुले इथल्या इथंच दिसन."

जोडवं कापलं. मारोतीभाऊला काहीही झालं नाही, फक्त तो ढसाढसा रडला, आणि पंचफुलाताईंनी तापल्या हातानं त्याचं डोकं थोपटलं. पाय वाचला. बोटसुद्धा.

सूज उतरल्यावर डॉक्टरांनी नख खरवडून तपासायला पाठवलं. प्रत्येक जाड नख बुरशीचंच असतं असं नाही, म्हणून आधी खात्री करायची. मग रक्त तपासून गोळ्या दिल्या, बेचकीला मलम. खाज थांबली तरी मलम सोडायचं नाही, सांगितलेले आठवडे पूर्ण लावायचं. आणि मेडिकलमधून मनानं घेतलेली ती 'खाजेची ट्यूब' लावायची नाही, तिनं खाज दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. पायाचं नख नव्यानं यायला वर्ष, दीड वर्षही लागतं. बाबा पाणी मिनिटात लाल करायचे, नख मात्र कोणत्याच मंत्रानं घाई करत नाही.

बाबा त्या गुरुवारी दुपारीच एसटीनं निघून गेले. कुठं, ते माहीत नाही. टब सोबत नेला. गावात अजून दोन-चार जण म्हणतात की काही म्हणा, बाबाच्या पाण्यानं बरं वाटायचं. वाटणारच. कोमट मिठाच्या पाण्यात थकलेले पाय घातले की कोणालाही बरं वाटतं, ते तुम्ही घरच्या घरी करा. मग पाय पुसा, बोटांच्या बेचक्यांसकट, आपापल्या कपड्यानं. बेचकी पांढरी पडली, नख पिवळं होऊन उचललं, तर डॉक्टरांकडे जा. घरात साखरेचा रोगी असेल तर आजच जा.

आणि तो टब कधी तुमच्या गावात आला, तर माझ्यासारखं भांडायची गरज नाही. हात जोडा, अगदी नम्रपणे बसा आणि एवढंच म्हणा, "महाराज, आधी टबाचं कापड काढा, मग पाणी लाल करून दाखवा."