स्टेअरिंगवरचा म्हातोबा

मित्रांनो, मला जुनी म्हणा, म्हातारी म्हणा, माझी काही हरकत नाही. पण 'खटारा' तेवढं म्हणू नका. तो शब्द मी एकदाच ऐकला, तोही घरच्या माणसाच्या तोंडून, आणि तो मला अजून बोचतो. मी हिंजवडी गावठाणातली पांढरी पिकअप आहे. पांढरी म्हणजे एके काळी पांढरी. आता माझं उजवं दार निळं आहे, कारण ते गंजलं तेव्हा घरात तेवढाच रंग शिल्लक होता.

कारखान्यातून नवीकोरी बाहेर पडले तेव्हा माझा थाट काय वर्णावा! हिंदुराव मला घरी घेऊन आले. त्यांच्या पत्नी सरुबाईंनी माझ्या चाकांवर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं आणि जत्रेतून आणलेला म्हातोबाचा छोटा फोटो स्टेअरिंगच्या मधोमध चिकटवला. म्हातोबा हे आमचं ग्रामदैवत. खरं तर त्या जागी हॉर्न असतो. पण देवावर हात कसा मारायचा? म्हणून हिंदुरावांनी त्याच संध्याकाळी हॉर्नची वायर पलीकडे ओढली आणि डॅशबोर्डवर दाराच्या बेलचं बटण बसवलं. ती माझी पहिली घरगुती दुरुस्ती.

त्या काळी मी भाताची पोती वाहिली, मार्केट यार्डात टोमॅटो नेले, गावातली दोन वऱ्हाडंही पाठीवर घेतली. पुढे आमच्या शेतजमिनीवर कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. घरामागे जो तुकडा उरला त्यात सरुबाईंनी नर्सरी काढली. जिथून मी पोती आणायची, तिथल्याच काचेच्या इमारतींत मी कुंड्या पोचवू लागले. कंपनीच्या बसगाड्यांमध्ये अडकून तासन्‌तास उभी राहिले, पण एक रोप कधी कोमेजू दिलं नाही.

आता माझ्या दुखण्याचं सांगते. स्टेअरिंग फिरवलं की चाकांनी लगेच वळायला हवं ना? माझी चाकं ऐकेनात. स्टेअरिंग आधी थोडं नुसतंच फिरायचं, मग कुठे चाकांना जाग यायची. याला सगळे 'प्ले आलाय' म्हणतात. नाव ऐकून खेळ वाटतो, पण हा भलताच खेळ आहे.

हिंदुराव मला कधी गॅरेजात नेत नसत. "दुसऱ्याचा हात लागला की गाडी बिघडती," असं ते म्हणत. जॅक, पाने, ग्रीसचा डबा, सगळं घरात होतं. नव्हता तो धीर. त्यांनी स्टेअरिंगच्या बॉक्सवरचा स्क्रू आवळला. प्ले गेला नाही, मी मात्र ताठ झाले. वळताना त्यांना सगळा खांदा लावावा लागे. मग त्यांनी चाकाजवळचा एक सांधा बदलला, तोही माप न घेता, अंदाजाने. झालं! आता मी सरळ चालावं तर स्टेअरिंग डावीकडे तिरकं धरावं लागे, आणि त्याबरोबर म्हातोबाचं पागोटंही डावीकडे कलंडे.

हिंदुराव दोन दिवस त्या कललेल्या देवाकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोटो नखाने हळूच सोडवला आणि तिरक्या स्टेअरिंगवर सरळ करून परत चिकटवला. हात झटकले आणि म्हणाले, "झाली दुरुस्ती!"

सरुबाई रोपांना पाणी घालत होत्या. त्या म्हणाल्या, "देवाला सरळ केलंत, लई चांगलं केलंत. गाडीला कवा करताय?"

"चालतीय की आगं. सवय झाली मला."

मित्रांनो, त्या सवयीनेच घात केला. हिंदुरावांचे हात शहाणे झाले. ते स्टेअरिंग जरा जास्तच वळवायचे, मग पटकन मागे खेचायचे. मी डुलायच्या आत ते मला सावरायचे. दुखणं माझं होतं, ते झाकलं त्यांच्या हातांनी. पुढे पुढे त्यांना स्वतःलाही ते कळेनासं झालं.

मग यंदा हिवाळ्यात त्यांचा उजवा खांदाच आखडला. हात कानापर्यंतही जाईना. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. त्यांचा मुलगा सार्थक कंपनीत कामाला आहे. तो म्हणाला, "पप्पा, टेन्शन कशाला घेता? हा खटारा स्क्रॅपला द्या. आणि आई, तू पण नर्सरी बंद कर ना, किती दिवस करणार?"

सरुबाईंच्या हातातली झारी थांबली. एकेक रोप त्यांनी काडीपासून वाढवलेलं होतं. त्या म्हणाल्या, "नर्सरी बंद व्हायची न्हाय. गाडी मी चालवीन."

त्यांनी मागच्या वर्षी वाकडच्या क्लासला जाऊन लायसन काढलं होतं. हिंदुराव हसले. "क्लासची गाडी येगळी, ही येगळी. हिला माझाच हात लागतो."

तरी सरुबाई बसल्या. मागे पामच्या कुंड्या भरल्या होत्या. पदर खोचून त्यांनी गिअर टाकला आणि मला फाटकाकडे काढलं. क्लासात शिकवलं होतं तेवढंच स्टेअरिंग त्यांनी वळवलं. चाकांना जाग आलीच नाही. घाबरून त्यांनी आणखी वळवलं, तशी मी एकदम भलतीकडे गेले आणि फाटकाच्या खांबाला धडकले. पुढचा दिवा फुटला, चार कुंड्या खाली आल्या. नशीब, कुणाला लागलं नाही.

"बगितलंस? तुझं काम न्हाय ते," हिंदुराव म्हणाले.

सरुबाई खाली उतरल्या. मग किल्ली त्यांच्या हातात ठेवत म्हणाल्या, "व्हय. माझ्याच हातात न्हाय वाटतं." फुटक्या कुंडीतली माती त्यांनी ओंजळीने गोळा केली आणि घरात गेल्या.

अरे देवा! मला काय वाटलं असेल त्या वेळी! सरुबाई चुकल्या नव्हत्या, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण माझ्याजवळ आवाज म्हणजे ते दाराच्या बेलचं बटण, आणि तेही कुणी दाबल्याशिवाय वाजत नाही. भंगारात जायचं दुःख नव्हतं मला. माझ्या दुखण्यापायी एका बाईने स्वतःलाच नालायक ठरवलं, याने माझा जीव तुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फाटकातून मागे घ्यायला हिंदुराव स्वतः बसले. उजवा हात उचलला जात नव्हता, म्हणून त्यांनी डाव्या हाताने स्टेअरिंग धरलं. त्या एकट्या हाताला सवय कुठली असायला? त्यांनी वळवलं, मी वळले नाही. आणखी वळवलं, तशी मी सर्रकन तुळशीच्या वाफ्यात शिरले.

"आयला!" ते म्हणाले. मग स्टेअरिंग डावीकडे, उजवीकडे, नुसतंच फिरवत राहिले. चेहरा उतरला त्यांचा.

ते माझ्याखाली शिरले. पण आत बसून स्टेअरिंग हलवायचं आणि त्याच वेळी खालून सांधे बघायचे, हे एका माणसाला जमणार कसं? इतकी वर्षं त्यांनी एकट्याने दुरुस्त्या केल्या होत्या, म्हणून तर खरं दुखणं कधी दिसलंच नव्हतं. खालूनच त्यांनी हाक मारली, "सरू! जरा गाडीत बस गं."

"मी न्हाय बसायची."

"गाडी चालवायची न्हाय. इंजिन बंदच हाय. नुसतं स्टेअरिंग हलव, थोडं हिकडं, थोडं तिकडं."

सरुबाई बसल्या, हलवू लागल्या. खट्‌खट्, खट्‌खट्. चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा जुना सांधा साफ झिजला होता, आणि अंदाजाने बसवलेला दुसराही ढिला झाला होता. हिंदुराव खालून ओरडले, "घावला! हितं हाय चोर!" मग तेलाने माखलेलं डोकं त्यांनी बाहेर काढलं. "सरू, काल तुझं काही चुकलं न्हाय. गाडीच ऐकत नव्हती. अन् मी तुला बोललो."

"मग आता ऐकायला लावा तिला," सरुबाई म्हणाल्या. पण त्यांनी डोळे पुसले ते मला दिसलं.

नवे सांधे आणून दोघांनी मिळून काम केलं. मला जॅकवर उचललं, चाकांना दगड लावले, खाली भक्कम ओंडके सरकवले. जुने सांधे काढण्याआधी सरुबाईंनी खडूने खुणा केल्या, म्हणजे नवे तेवढेच आत बसतील. घट्ट बसलेला नट हिंदुरावांच्या खांद्याला झेपेना, तो सरुबाईंनी सोडवला. आवळलेला स्क्रूही पूर्वी होता तेवढा ढिला केला. मग चाकांची अलाइनमेंट करणाऱ्या दुकानातला माणूस हळूहळू मला तिथे घेऊन गेला. हो, गॅरेजात! आयुष्यात पहिल्यांदा.

तिथून निघताना हिंदुराव हट्टाने स्टेअरिंगवर बसले. "खांदा बरा हाय आता," म्हणाले. आणि काय सांगू! मी आता सरळ झाले होते, पण त्यांचे हात जुनेच होते. ते जास्त वळवायचे, मी लगेच वळायची. ते मागे खेचायचे, मी लगेच मागे. रिकाम्या सर्व्हिस रोडवर आमची नागमोडी वरात निघाली. शेवटी त्यांनी मला बाजूला घेतलं, खाली उतरले आणि किल्ली सरुबाईंपुढे धरली.

"तूच चालव. तुझ्या हाताला खोड लागलेली न्हाय."

सरुबाईंनी वळवलं तेवढीच मी वळले, थांबवलं तिथे थांबले. शेजारी बसलेल्या हिंदुरावांचे हात मात्र हवेत स्टेअरिंग फिरवत होते.

"आवो, हात मांडीवर ठेवा की," सरुबाई म्हणाल्या, आणि दोघंही खो-खो हसले.

आता कुंड्या घेऊन सरुबाईच मला रोज नेतात. एक गंमत झाली आहे. स्टेअरिंग सरळ झालं, त्यामुळे तिरक्या स्टेअरिंगवर सरळ बसवलेला म्हातोबा उजवीकडे कलला आहे. परवा हिंदुराव तो सोडवायला गेले, तर सरुबाईंनी त्यांचा हात धरला. "राहू द्या तसाच. विसरायचं न्हाय आपल्याला."

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या गाड्यांना दुखतं तेव्हा सांगता येत नाही. घरातल्या माणसांनाही पुष्कळदा येत नाही. 'सवय झाली' असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा आणि खाली वाकून बघा. एकट्याला दिसलं नाही, तर कुणाला तरी हाक मारा. हिंजवडीच्या रस्त्यावर निळ्या दाराची एखादी पिकअप सरळ जाताना दिसली, तर आत डोकावा. वाकडा म्हातोबा दिसला, की ओळखा, ती मीच.