न आलेले खोके

सोड्याच्या कारखान्यात रिकाम्या बाटल्या परत यायच्या थांबल्या, की मुकादमबाईला पुढचं दिसायला लागायचं. भांडणाची बातमी बाकी गावाला भांडण झाल्यावर कळते, बाटल्या धुणाऱ्या बायकांना आधी कळते. सहा वर्षांपूर्वी असेच तीन दिवस खोके आले नव्हते. चौथ्या दिवशी काच सापडली ती माणसांच्या अंगात.

आता पुन्हा तीन दिवस एकही खोका नव्हता. कारण काय, तर तिच्या दिराच्या कानाखाली खालच्या गल्लीतल्या एकाने भर रस्त्यात आवाज काढला होता. दीर म्हणजे वरच्या गल्लीचा पुढारी, त्याचा त्यानेच नेमलेला. गाल एका दिवसात बरा झाला. डोकी मात्र सगळ्यांची फिरली ती फिरलीच. आणि या शहाण्यांना वाटत होतं, बाटल्या दडवल्या तर कोणाला कळणार आहे!

धुण्याच्या हौदावर दोन्ही गल्ल्यांतल्या बायका एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. मुकादमबाईने पाण्याचा पाइप बंद केला.

"जेवणाच्या सुट्टीत घरोघरी जायचं. खोके बाहेर काढायचे. दोन्ही गल्ल्यांतले."

"आमच्या दारात पाय तर ठेवून बघ," बूच लावणारी म्हणाली. ती खालच्या गल्लीतली. सहा वर्षांपूर्वी तिच्या भावाचा डोळा गेला होता. "आधी स्वतःच्या घरात बघ ना. दुकानांतून खोके गोळा करून आणायची गाडी कोण चालवतो? तुझाच पोरगा ना?"

हौदावर कोणीतरी खुसखुसलं. मुकादमबाईच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण बाई खरं बोलत होती. 'दुकानदार खोके देत नाहीत,' असं पोरगा तीन दिवस सांगत होता. तिने विश्वास ठेवला नव्हता, ठेवल्यासारखं केलं होतं.

"चल," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यांदेखत बघते."

भर दुपारी, ओल्या एप्रननिशी, दहा-बारा बायका वरच्या गल्लीत शिरल्या. दारादारांत पुरुष उभे, खाऊ की गिळू अशा नजरेने बघत. मुकादमबाईने घरात जाऊन पलंगावरची चादर वर केली. खाली अकरा खोके. बाटल्यांत रॉकेल, तोंडांत चिंध्या कोंबलेल्या. रात्रभर तिला हाच वास येत होता आणि स्टोव्ह गळतोय, स्टोव्ह गळतोय, असं ती स्वतःला बजावत होती. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"आई, हात लावू नकोस." पोरगा दारात होता. बावीस वर्षांचा, बापासारख्याच रुंद खांद्यांचा. त्याच्या मागे दीर.

"बाजूला हो."

"वहिनी," दीर म्हणाला, "त्या बायकांसमोर घराचं नाक कापताय तुम्ही."

"नाक तुमचं आणि जळायला पोरगा माझा? तुमचा कुठे आहे हो? परवाच मामाकडे धाडलात ना? काय, हवापालटाला?"

पोराने वळून काकाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग तो दारातून बाजूला झाला, पण आईकडे त्याने पाहिलं नाही.

तिने पहिला खोका स्वतः उचलून रस्त्याच्या मधोमध आपटला आणि एकेक बाटली गटारात रिकामी करू लागली. वरून कोणीतरी तिला शिवी घातली, ती ऐकायला तिला वेळ नव्हता. बूच लावणारी उभी राहून बघत होती. पाच खोके झाल्यावर ती निघून गेली. संपलं सगळं, मुकादमबाईला वाटलं. आता ही जाऊन सांगणार, की वरच्यांची तयारी झाली आहे.

ती परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर खोका होता. तिने तो धाडकन खाली टाकला. त्यातही चिंध्याच होत्या.

"माझ्याकडे बघून हसू नकोस," ती म्हणाली. "मी तुझी मैत्रीण नाही."

"मला नकोच आहे मैत्रीण. बाकीचे खोके आण."

संध्याकाळपर्यंत दोन्ही गल्ल्यांचे मिळून चाळीसच्या वर खोके हौदावर आले. मारामारी झाली नाही. आणि झालीच नाही म्हटल्यावर ती होणार होती हे कोण मानणार? 'काय झालं होतं एवढं? बाईने उगाच तमाशा केला,' असं वरची गल्ली म्हणाली आणि खालचीही तेच म्हणाली. दोन्ही गल्ल्यांचं एवढं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं. नवरा ताटाकडे बघून जेवू लागला. पोरगा अंथरूण उचलून मित्राच्या खोलीवर राहायला गेला.

पण गाडी त्याचीच होती. सकाळी आठला तो कारखान्याच्या फाटकातून यायचा, खोके हौदाशी उतरवायचा, आईशी चकार शब्द बोलायचा नाही. ती मोठ्याने बाटल्या मोजायची. मोजून झाल्यावर मान वर करून एकदा त्याच्याकडे बघायची. दोन डोळे, दोन हात.

"बरोबर आहेत," ती म्हणायची आणि पाइप सुरू करायची.