दीड इंच वायर

"ड्रायर फिरतोय, पण गरम होत नाही." हे वाक्य मी तीस वर्षांत इतक्यांदा ऐकलंय, की समोरचा 'ड्रायर' म्हणाला की पुढचं मीच पूर्ण करतो. एरवी माझ्या कपाळाला आठ्या पडतात. जाळी साफ केली होती का, असं मी खेकसून विचारतो आणि दुपारपर्यंत येतो म्हणून फोन ठेवतो. त्या दिवशी सकाळी सव्वानऊला ताईने फोनवर हेच सांगितलं आणि मी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

कारण तिचा ड्रायर असा थंड पडायलाच नको होता. आठ दिवसांपूर्वी मीच तो डायरेक्ट केला होता.

डायरेक्ट म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे माझी अक्कलही कळेल. ड्रायरच्या पाठीमागे, हीटरच्या डब्यावर, बोटाच्या पेराएवढा एक फ्यूज असतो. आतली हवा नको तितकी तापली की तो उडतो आणि हीटर बंद पडतो. ड्रम फिरत राहतो, कपडे ओले राहतात, पण घर शाबूत राहतं. तो उडाला की नवा टाकायचा. ज्याच्याकडे नवा नसतो आणि आणायचा कंटाळा असतो, तो त्या दोन टोकांमध्ये वायरचा तुकडा जोडतो आणि मशीन गरम करून देतो. मग आत कितीही तापलं तरी अडवणारं कोणी उरत नाही.

आणि ताईच्या घरी, ड्रायरच्या भिंतीपलीकडे, भाऊजी झोपलेले असतात. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. तिथे एक ठिणगी पडली तर काय होईल हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. मला माहीत होतं, तरी मी केलं.

आठ दिवसांपूर्वी मी गेलो तेव्हा ताई दोन्ही खांद्यांवर ओल्या चादरी टाकून पॅसेजमध्ये उभी होती. आठवडाभर बाहेर ऊन नव्हतं आणि भाऊजींची चादर दिवसातून चार-पाचदा बदलावी लागत होती. "काहीही कर, पण चालू कर," ती म्हणाली. पिशवीत फ्यूज नव्हता. पुढचं गिऱ्हाईक फोनवर फोन करत होतं. मी दीड इंच वायर कापली, जोडली, "दोन दिवसांत फ्यूज टाकतो" म्हणालो आणि मागच्या पत्र्याचे आठपैकी दोनच स्क्रू हाताने फिरवून निघालो. परत उघडायचंच तर आहे, असा माझा शहाणपणा.

मग आज जाऊ, उद्या जाऊ. भाऊजी मला एकोणीस वर्षांचा असल्यापासून 'घाईराव' म्हणत आलेत, ते उगीच नाही. हे काम मला त्यांनीच शिकवलं, त्यांच्या दुकानात, त्यांच्या शिव्या खात.

"प्लग काढ," मी फोनवर ताईला म्हणालो. "आणि त्या मशीनला हात लावू नकोस."

"अरे, पण झालंय काय?"

"काही नाही. मी येतोय."

हीटर थंड पडला म्हणजे आत काहीतरी जळालं असणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. वाटेत दुकानातून फ्यूज घेतला. दहा मिनिटं लागली. आठ दिवसांत मला ही दहा मिनिटं सापडली नव्हती.

तीन जिने चढून वर पोचलो तेव्हा ताई दारातच होती. डोळे खोल गेलेले, केस कसेतरी बांधलेले.

"भूत बघितल्यासारखा का दिसतोयस?"

"जिने चढलो ना," मी म्हणालो.

पॅसेजमध्ये शिरलो आणि वास आला. इस्त्री कापडावर जरा जास्त वेळ राहिली की येतो तसा, शिळा, पण ओळखू येणारा. आतल्या खोलीतून ऑक्सिजनच्या मशीनची घरघर ऐकू येत होती. ती ऐकून जरा धीर आला.

"हा वास कधीपासून येतोय?"

"तुला सांगितलं होतं की. परवा फोन केला तेव्हा. हे सारखे म्हणत होते, वास येतोय, वास येतोय. तू म्हणालास, नवी वायर आहे, वास येणारच. मी त्यांनाही तेच सांगितलं."

म्हणालो होतो खरं. एका हातात पाना, दुसऱ्या हातात फोन, आणि तोंडाला येईल ते उत्तर.

मी ड्रायर भिंतीपासून पुढे ओढला आणि मागे टॉर्च मारला. दोन्ही स्क्रू जागेवर होते, पण त्यांच्या खाचा चेपल्या होत्या. स्क्रूड्रायव्हरने तसं होत नाही. कोणीतरी भलत्याच वस्तूने ते फिरवले होते.

"ताई, इथे दुसरा कोणी मेकॅनिक आला होता?"

"माझा भाऊ मेकॅनिक असताना मी दुसरा कशाला बोलावू?"

पत्रा काढला. हीटरच्या डब्यावर हात ठेवला, थंड. कॉइलला मीटर लावला, कॉइल ठणठणीत. काही जळालं नव्हतं. मग टॉर्च खाली नेला आणि माझा हात तिथेच थांबला.

माझी वायर नव्हती. जळून गेली नव्हती, काढलेली होती. दोन्ही टोकं वेगवेगळी करून, एकमेकांना लागू नयेत म्हणून त्यांना पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. इलेक्ट्रिकची नाही, दवाखान्यातली. नाकातली नळी गालावर धरून ठेवायला लावतात ना, ती. प्रत्येक टोकाला तीन वेढे, आणि पट्टीचं शेवटचं टोक दुमडलेलं.

हे दुमडलेलं टोक मी आंधळा झालो तरी हाताने ओळखीन. पुढच्या माणसाला नखाने उकरत बसावं लागू नये, म्हणून टोक दुमडायचं. भाऊजींच्या दुकानात हा नियम होता. मी दहादा विसरलो तर दहाही वेळा त्यांनी मला पट्टी सोडून परत गुंडाळायला लावली होती.

"भाऊजी उठले होते का?" मी विचारलं.

"कुठले उठतायत? दीड महिना झाला, कूस बदलायलासुद्धा मी लागते." मग ती थांबली. "काल मात्र नसता उद्योग करून ठेवला. मी औषधं आणायला खाली गेले होते. अर्ध्या तासात परत येते, तर हे इथे पॅसेजमध्ये पडलेले. नळी काढून ठेवलेली, ओठ काळेनिळे. ड्रायरच्या वायरीत पाय अडकला असणार, प्लगपण उपटला गेला होता. शेजारचे दोघं बोलावले, उचलून पलंगावर ठेवलं. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, असं आणखी एकदा झालं तर सांगता येत नाही."

"ते काय म्हणाले?"

"त्यांना बोलायला श्वास होता का? मीच बोलले." ताईने पदराने तोंड पुसलं. "खूप बोलले. बाथरूमला जायचं तर हाक मारता येत नाही का, मला छळायला करता का हे सगळं, म्हटलं. रात्रभर बोलत होते. आणि जेवणाच्या ताटातला चमचापण वाकवून ठेवलाय, रागाने. बघ, तिथे पडलाय."

चमचा खिडकीत होता. दांड्याचं टोक पिळलं गेलं होतं आणि त्यावर स्क्रूचे ओरखडे होते. पायात अडकून प्लग निघाला नव्हता. भाऊजींनी आधी प्लग काढला, मग काम केलं. मरणाला टेकलेला माणूससुद्धा पद्धत सोडत नव्हता आणि मी धडधाकट असून सोडली होती. मला माझीच इतकी लाज वाटली, की तिथे बसून राहावंसं वाटलं.

मी आत गेलो.

भाऊजी उशीला टेकून होते. एका गालावर पट्टी नव्हती, नळी नुसतीच लोंबत होती. तिथली पट्टी कुठे गेली ते मला माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पांघरुणाखालून हात काढला आणि मूठ उघडली. माझी दीड इंच वायर त्यांच्या तळहातावर होती. बोटांची टोकं सोलवटलेली होती.

मी खिशातून नवा फ्यूज काढला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, आणि मूठ मिटली.

"का," ते म्हणाले. मग श्वास. "उडाला?"

दुकानातही ते हेच करायचे. फ्यूज उडालाय म्हणून नवा मागायला गेलं, की डब्यावर हात ठेवून विचारायचे, का उडाला? उत्तर मिळेपर्यंत झाकण उघडायचं नाही. आठ दिवसांपूर्वी हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

फ्यूज उडतो तो हवा कोंडली की. मी परत पॅसेजमध्ये गेलो. ड्रायरचा गरम हवेचा पाइप खिडकीतून बाहेर जायला हवा, तो तिथे नव्हता. तो वर गेला होता, भिंतीतल्या झरोक्यातून पलीकडे, भाऊजींच्या खोलीत. मागच्या वेळी मी मान वर करून बघितलंही नव्हतं. खोलीतलं कपाट सरकवलं, तर त्याच्यामागे पाइपचं तोंड लोंबत होतं आणि त्याला एक लांब लोकरी मोजा दोरीने घट्ट बांधलेला होता. मोजा कपड्यांच्या कापूसधुळीने ठासून भरला होता, दगडासारखा घट्ट. मी तो सोडवून उलटा केला. आतला कापूस तपकिरी पडला होता. तिथून ऑक्सिजनचं मशीन हातभर लांब होतं.

"हे कोणी केलं?"

"मीच," ताई म्हणाली. "यांचे पाय बर्फासारखे पडतात रे. एवढी गरम हवा फुकट बाहेर जाते, म्हटलं खोलीत येऊ दे, ऊब राहील. धूळ उडू नये म्हणून मोजा लावला. दर दोन दिवसांनी झटकायचा ठरवलं होतं, पण या धावपळीत..." तिचं लक्ष तपकिरी कापसाकडे गेलं. ती काही दूधखुळी नव्हती. "म्हणजे हे पेटलं असतं? माझ्यामुळे?"

मी भाऊजींकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणून. वायरीवर मूठ पुन्हा मिटली होती.

ते मला वाचवत होते. रात्रभर बायकोची बोलणी ऐकून घेतली आणि मेव्हण्याचं नाव काढलं नाही. मी गप्प राहिलो असतो तर गोष्ट मोज्यावर मिटली असती. ताईने ती आयुष्यभर स्वतःच्या माथी घेतली असती, आणि मी शहाणा म्हणून घरी गेलो असतो. खोटं कशाला बोलू, एक क्षण मोह झाला.

"तुझ्यामुळे नाही," मी म्हणालो. "मोजा लावलास तेव्हा फ्यूजने काम केलं. हीटर बंद पाडला. म्हणून तर तू मला बोलावलंस. मी इथे आलो, का बंद पडला ते पाहिलं नाही, आणि तो फ्यूजच मधून काढून टाकला. वायर जोडून दिली. आठ दिवस हे घर त्या वायरीवर होतं."

ताईने मोज्यावरची नजर माझ्याकडे वळवली.

"काल भाऊजी बाथरूमला गेले नव्हते. वास आला म्हणून गेले. तो चमचा रागाने वाकलेला नाही, त्याने स्क्रू काढलेत. माझी वायर काढायला ते नळी काढून, सरपटत गेले. तू त्यांना जे बोललीस, ते मला बोलायला हवं होतं."

ताई माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पलंगाच्या कडेला बसली, भाऊजींची मूठ हातात घेतली आणि एकेक बोट उलगडलं. फ्यूज आणि वायर बाहेर काढली. सोलवटलेल्या बोटांवरून हात फिरवत राहिली. "मला सांगायचं तरी," ती त्यांना म्हणाली. "मी किती बोलले तुम्हाला." भाऊजींनी डोळे मिटून घेतले. रडू तिला आलं, मलाही आलं.

मग मी पाइप साफ केला, खिडकीतून बाहेर काढला, ताणून बांधला. फ्यूज टाकायला बसलो तेव्हा ताई येऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

"हा कुठे बसतो ते दाखव," ती म्हणाली. "उडाला की ओळखायचा कसा, तेही. आणि मीटर ठेवून जा."

"मी येईन ना, ताई. काही झालं की फोन कर."

"फोन करीनच. पण तू काम करून जाशील ना, तेव्हा दर वेळी मागचा पत्रा मी उघडून बघणार."

मी तिला दाखवलं. दोन टोकं, मीटर, आवाज आला तर चांगला, नाही आला तर गेला. तिने दोनदा स्वतः करून बघितलं. मग मी पत्रा लावला. स्क्रू लावताना ती मोठ्याने मोजत होती. आठवा घट्ट झाल्यावर तिने माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि आठही पुन्हा तपासले.