रिकामी बंगई

मी बंगई बोलतेय. इथली माणसं मला हिंचको म्हणायची. आता कुठल्याच नावानं कुणी हाक मारत नाही. गुजरातेत, पेटलादच्या एका वाडीत, म्हणजे समाजाच्या लग्नाच्या हॉलात, खुर्च्यांच्या थप्पीमागे मला भिंतीला टेकवून उभी केलीय. साखळ्या पोत्यात बांधल्यात. झुलायच्या वस्तूला उभं केलं की तिचं काय उरतं, तुम्हीच सांगा.

माझा जन्म संखेड्याचा. सागाची फळी, वर तांबडी-सोनेरी लाख, चार पितळी साखळ्या. चंचळबांनी मुलाच्या लग्नात मला हौसेनं आणलं. बशीतून चहा प्यायला मी, तुरीच्या शेंगा सोलायला मी, सुनेला बसल्या जागेवरून हुकूम सोडायलाही मीच. घरात नेम एकच होता. उठताना जो तो फळीला हात लावून मला थांबवायचा. बंगई रिकामी झुलली तर घरातलं माणूस जातं, अशी इकडची समजूत.

मग त्यांची नात झरणा जन्मली. चार वर्षांची झाली तरी बोलेना, हाकेला मान वळवेना. मिक्सर सुरू झाला की कानांवर हात ठेवून किंचाळायची. डॉक्टर म्हणाले, पोर स्वमग्न आहे.

बा म्हणाल्या, "काही नाही. आमच्याकडे सगळे उशिरा बोलतात. हिचा बाप पाच वर्षांचा होता. आता गप्प बसतो का?"

झरणाला माझ्यावर बसायचं नसायचंच. ती मला ढकलायची आणि समोर फरशीवर बसून बघत राहायची. साखळी कुरकुरायची, ती त्याच सुरात गुणगुणायची आणि तिचे फडफडणारे हात हळूहळू निवायचे.

"अगं थांबवा तिला! रिकामी झुलवते मेली!" म्हणत बा तिच्या मनगटावर चापट मारायच्या.

जागृती, तिची आई, मध्ये पडायची. "बा, तेवढी एकच गोष्ट आहे हो तिच्याकडे."

झरणा सातची असताना तिचा बाप दुकानात बसल्याबसल्या छातीत कळ येऊन गेला. भेटायला आलेल्या बायकांसमोर बा म्हणाल्या, "हिनं झुलवून झुलवून घालवला माझा मुलगा." दिवसकार्य झालं तशी जागृतीनं टेम्पो बोलावला आणि मला या वाडीत आणलं.

वाडीच्या माडीवरची खोली जागृती धरून सहा आयांनी मागून घेतली होती. सगळ्यांची लेकरं झरणासारखी. दुपारी दोन ते पाच दोघींनी लेकरं सांभाळायची, चौघींनी मोकळं व्हायचं. मोकळं होऊन काय करायच्या? एक कोपऱ्यात आडवी व्हायची, ती पाचलाच उठायची. एक घरी जाऊन रोटली भाजायची आणि तव्यावरची तशीच खायची. "किती वर्षांनी जीभ भाजली गं," म्हणाली, हसली, आणि मग पदर तोंडाला लावला.

इथे मला रिकामी झुलवायला कुणाची ना नव्हती. दर मंगळवारी आणंदहून एक बाई शिकवायला यायच्या. त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर चित्रं काढली होती. पाणी, केळं, आणि मी. आयांना बजावून सांगायच्या, "लेकरानं चित्र दिलं की वस्तू लगेच द्यायची. एकदा जरी हात रिकामा परत गेला तर मागायचं सोडून देईल."

आठ महिने झरणानं चित्रं फेकली. मग एका दुपारी माझं चित्र आईच्या तळहातावर ठेवलं. जागृतीनं मला असं ढकललं की मी खिडकीवर जाऊन आपटले! तो टवका अजून आहे.

अशी अकरा वर्षं गेली. गेल्या माघात वाडीचे प्रमुख रसिकभाई वर आले. "बेन, एक दिवस हिंचको द्या. नवरीचे फोटो काढायचेत."

"अगं, झरणाचं काय?" बाकीच्या कुजबुजल्या.

"खोली देतात आपल्याला. नाही कुठल्या तोंडानं म्हणू?" जागृती म्हणाली. तिथंच चुकली ती.

दोन वाजले की झरणा चपला घालते. त्या दिवशीही घातल्या. माडीवर मी दिसले नाही, तशी आईचा हात सोडवून खाली मांडवात आली. नवरी नुकतीच माझ्यावरून उठली होती. झरणानं मला ढकललं. भर लग्नात, झेंडूच्या माळांसकट, मी रिकामी झुलले. पोर जमिनीवर बसून खुदकन हसली.

"थांबवा रे कुणीतरी! आजच्या दिवशी!" नवरीची आजी ओरडली.

मला थांबवणारा पहिला हात जागृतीचा होता. त्याच हातानं तिनं झरणाच्या मनगटावर चापट मारली. बांची चापट मला ओळखीची होती. ही तीच होती.

आठवड्यात समाजानं खोली काढून घेतली. सहा आया सहा घरांत गेल्या. महिनाभर एकमेकींना फोन झाले, मग तेही थांबले. जागृतीला मला घरी नेता येईना. बा आता अंथरुणावर आहेत, पण साखळीचा आवाज लगेच ओळखतील.

काल ती झरणाला घेऊन खोली मागायला पुन्हा आली. इथे, माझ्यासमोरच रसिकभाईंशी बोलणं झालं.

"बेन, राग नाही कुणाचा. पण समाजात प्रत्येकाचं मन सांभाळावं लागतं. शहरात मोठ्या संस्था आहेत."

"अठरानंतर घेत नाहीत, भाई. आणि माझ्यामागे हिला कोण?"

"देव आहे ना."

झरणाची नजर माझ्यावर होती. तिनं ओढणीच्या गाठीतून माझं चित्र बाहेर काढलं, कडा झिजलेलं, आणि रसिकभाईंच्या हातात दिलं.

"अरे वा! छान आहे हां," म्हणाले आणि परत दिलं.

तिनं पुन्हा दिलं. त्यांनी पुन्हा परत दिलं. "तुझंच आहे बेटा, ठेव." भले गृहस्थ, हसत होते. चित्र म्हणजे मागणं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तिसऱ्यांदा झरणानं चित्र माझ्या फळीच्या कडेवर ठेवलं आणि हात मागे घेतला.

माझी बाजू कुणी विचारली नाही, म्हणून जाता जाता सांगते. एवढ्या वर्षांत मी एकही माणूस नेलं नाही. मला टांगा आणि रिकामी झुलवून बघा, काही होत नाही.

तिचं मागणं माझ्याजवळ पडलंय. मला हलता येत नाही.