उलटे आटे

भर दुपारी वहिनी दादाची मोटारसायकल ढकलत गॅरेजच्या दारात आणेल, असं मेकॅनिकला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ठोकलेली गाडी तिने दुसरीकडूनच सरळ करून घेतली होती. सख्ख्या दिराला विचारलंही नव्हतं. आता तिने दादाच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेले दोन आरसे बाकड्यावर ठेवले.

"उद्यापासून कामावर मीच नेणार, भाऊजी. एवढे बसवून द्या."

वर्षापूर्वी उजवीकडे वळताना दादाला मागचा ट्रक दिसला नव्हता आणि तो जागीच गेला. दिसणार कशात? लोक म्हणाले, आरसे काढून फिरायचा शौक नडला. मेकॅनिकनेही होकारार्थी मान डोलावली होती. तेव्हापासून कुठल्याही गाडीचा आरसा पुसला, की काचेत दादा मागे उभा. बोलायचा नाही, चिडायचाही नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

डावा आरसा झटक्यात बसला. मेकॅनिकने काचेकडे बघायचं टाळलं. उजवा घेतला, हात सवयीने उलटा फिरवला आणि चौदाच्या पान्याने नट आवळला. वहिनी त्या हाताकडे टक लावून बघत होती.

"काल मी घरी प्रयत्न केला. हा काही केल्या बसेना."

"ह्या गाडीला उजवीकडे उलटे आटे असतात," बोलायला काहीतरी मिळालं म्हणून तो घाईने म्हणाला. "समोरून धक्का लागला तर आरसा सैल होऊन फिरतो, मोडत नाही."

"ह्यांना माहीत होतं हे?"

पाना थांबला. दादाला साधा बल्ब बदलता येत नसे.

"ह्यांनी काढला असता तर चुकीच्या बाजूला पिळून आटे खाऊन टाकले असते," वहिनी म्हणाली. "इथे ओरखडासुद्धा नाही."

"मीच काढले, वहिनी." तो गाडीमागे सरकत म्हणाला. "दादा म्हणाला, गाडी ऐटबाज दिसेल. मी त्याला हसलो, आणि दिले काढून. वर्षभर तोंड उघडलं नाही. चुकलो."

वहिनी गाडीवर बसली आणि उजवा आरसा हाताने हळूहळू फिरवत राहिली. काचेत दोघांची नजरानजर झाली. आता ती काय म्हणेल, याची त्याला धडकी भरली.

"भाऊजी, जरा बाजूला व्हा," ती हळूच म्हणाली. "तुमच्यामागे हे झाकले जातायत."

मेकॅनिक बाजूला सरला. मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही.