टोमॅटो कुठे होता

पंधरा

मध्यंतर पंधरा मिनिटांचं. स्कोअर शून्य-दोन. पहिली तीन मिनिटं नव्या मॅनेजरने खोलीच्या दाराबाहेरच घालवली, कारण आत जाऊन विचारायचं की सुनावायचं, हेच तिचं ठरत नव्हतं.

महिन्यापूर्वीपर्यंत ती याच फुटबॉल संघाची गोलकीपर होती. खोली पोहण्याच्या तलावामागची; क्लोरीनचा वास आणि कधी न वाळणारी फरशी. आज हरलो की संघ खालच्या गटात. आणि खालच्या गटात मुलींचा संघ चालवायचा नाही, असं क्लबच्या अध्यक्षांनी हात झटकून सांगून टाकलं होतं. बरोबरी पुरे होती. म्हणजे दोन गोल.

आत रणकंदन चाललं होतं.

"दोन्ही गोल डावीकडून!"

"मग तू ये की डावीकडे!"

हा दुसरा आवाज तिच्या धाकट्या नणंदेचा. डावा बॅक.

उणे दोन आठवडे

संघाचे जुने मास्तर निवृत्त होताना कानात सांगून गेले होते, "विचारू नकोस. विचारलंस की संपलीस." म्हणून पहिल्या सामन्याआधी तिने हट्टाने विचारलं. कुणाला कुठे खेळायचंय?

सहाजणी स्ट्रायकर निघाल्या. डाव्या बॅकसाठी एकच हात वर. नणंदेचा, तोही डोकं खाजवायला. "ठरलं," मॅनेजर म्हणाली.

एक-चार. हरलो.

उणे एक आठवडा

मग ती मास्तरांच्या वर मास्तर झाली. "डावीकडून कुणी मध्यरेषेपुढे जायचं नाही. का, ते विचारायचं नाही."

सामन्यात चेंडू मध्यरेषेच्या पलीकडे, दोन पावलांवर, बेवारशी लोळत होता. नणंद रेषेवर हाताची घडी घालून उभी.

"अगं, घे ना!"

"पुढे जायचं नाही ना, वहिनी?"

शून्य-एक. हरलो. त्या संध्याकाळी जेवताना दोघींच्या मध्ये नवरा रेफरीसारखा बसला होता. फक्त शिट्टी नव्हती.

बारा

ती आत शिरली. मग कॅप्टन उठली. हिला सगळ्या हवालदार म्हणतात.

"ताई, हिला काढा. बदली तयार आहे."

नणंद मोजा पिळत होती. वर बघत नव्हती.

'उतर.' एका शब्दाचं काम होतं. शब्द जिभेवर आलाही होता. पण मॅनेजरची नजर फळ्याकडे गेली. हिरवा पत्र्याचा फळा, त्यावर नाव लिहिलेले लोहचुंबक, एकेका खेळाडूचा एकेक. त्यातला एक हरवलेला, म्हणून डाव्या बॅकच्या जागी घरच्या फ्रिजवरचा प्लास्टिकचा टोमॅटो. टोमॅटो रेषेत उभा होता, शहाण्या मुलासारखा. उभा असणारच. तो तिथे तिनेच लावला होता सकाळी. मैदानात काय झालं, ते फळ्याला कुठून कळणार?

तिने सगळे चुंबक खरडून बाकावर ओतले.

"दुसरा गोल झाला तेव्हा जिथे होतात, तिथे आपापला लावा. तोंडं बंद."

"जिथे असायला हवं होतं तिथे?" गोलकीपरने विचारलं. तिचं नाव खिडकी. का, ते सांगायला नको.

"जिथे होतात तिथे, खिडकी."

दहा

टक. टक.

टक.

नऊ

टोमॅटो एकटा. आजूबाजूला वीतभर नुसतं हिरवं.

शेवटचा चुंबक हवालदारचा. तिचा हात फळ्यापाशी अडखळला. मग तिने तो पार उजव्या कडेला चिकटवला.

"तू तिथे काय करत होतीस? तुझी जागा मधली."

"तुम्हीच सांगितलंत! त्यांच्या दहा नंबरला सोडायचं नाही, पाणी प्यायला गेली तरी. ती तिकडे गेली, मीही गेले."

मॅनेजरने टोमॅटोपासून हवालदारपर्यंत बोट फिरवलं. दहा नंबर मुद्दाम तिकडे जात होती, आणि जाताना संघाचा मधला खांब उपटून नेत होती. मग डावीकडे त्यांच्या तिघी आणि एक टोमॅटो. एवढं मोठं भगदाड, आणि ते मॅनेजरच्याच हुकमाने पडलेलं.

"मी मघापासून कोकलतेय," नणंद म्हणाली.

"मला का नाही सांगितलंस?"

"विचारलंस कधी?"

खिडकी फिसकन हसली. मॅनेजरलाही हसू आलं, पण घड्याळ धावत होतं.

"आता विचारते. दहा नंबरला मोकळं सोडलं तर?"

"सोड. तिला डावा पाय नाहीये."

"म्हणजे?"

"आहे, उभं राहायला. अख्खा हाफ बघतेय. प्रत्येक चेंडू उजव्यावर घेते. मी तिला डाव्यावर आणते, मग मारू दे हवं तेवढं."

पाच

मग सगळ्यांनाच कंठ फुटला ताई त्यांची गोलकीपर पुढे येते मी केव्हाची सांगतेय तू कधी सांगितलंस कॉर्नर लांब मारा नको जवळ मारा मी स्ट्रायकर खेळू का गप ग आधी माझं ऐका

तीन

तिने पाण्याची बाटली बाकावर आपटली.

"बास! विचारून झालं. आता ऐकायचं. हवालदार, मधे. तिथून हललीस तर बघ. दहा नंबर चेंडू घेऊन आली की टोमॅटोची. टोमॅटो, रेषेपुढे तुला वाटेल तेव्हा जा. बदली आत येईल, स्ट्रायकर बाहेर."

"पण ताई, मी काय केलं?" स्ट्रायकर म्हणाली.

"काहीच नाही. म्हणूनच."

नडगीचा पॅड भिंतीवर आदळला. पण स्ट्रायकर बाकावर बसली.

छप्पन्नावं मिनिट

नणंद रेषा ओलांडून पळाली, पळाली, कडेवरून चेंडू आत टाकला, आणि बदलीचं डोकं! एक-दोन.

एक्क्याऐंशी

कॉर्नर. चेंडू दोन गुडघ्यांना लागला, मग एका पाठीला, मग जाळ्यात. पाठ कुणाची, यावर पाचजणी हक्क सांगत होत्या. दोन-दोन!

नव्वद अधिक तीन

दहा नंबर सुटली. समोर फक्त टोमॅटो, मागे खिडकी.

नणंदेने क्षणभर बाकाकडे पाहिलं. मॅनेजरने तोंड उघडलं. आणि मिटलं.

नणंद वळली, तिची उजवी बाजू अंगाने अडवली. दहा नंबर थबकली. चेंडू डाव्यावर घेतला. मारला.

खांबावरून, कुंपणावरून, भिंतीवरून...

छपाक्!

तलावात. आणि शिट्टी.

मग

सगळ्या एकमेकींच्या अंगावर. स्ट्रायकर सर्वांत खाली, सर्वांत मोठ्याने ओरडत. अध्यक्ष टाळ्या वाजवत आले.

"बाई, पुढचा मोसम तुमच्याकडे. हो की नाही? आत्ता सांगा."

"मुलींना विचारून सां..."

"वहिनी!" ढिगाऱ्यातून आवाज आला. "विचारतेस काय? हो म्हण!"

ती हो म्हणाली. मूठ दुखत होती. उघडली तर आत टोमॅटो. फळ्यावरून कधी काढला, देव जाणे.

"आता तलावातला चेंडू कोण आणणार?" तिने विचारलं.

सगळ्या आभाळाकडे बघायला लागल्या. एकच हात वर होता. नणंद डोकं खाजवत होती.

"ठरलं," मॅनेजर म्हणाली.