टाकू नका म्हटलेला चेक

मित्रांनो, मी एक जुना चेक आहे. जुना म्हणजे किती, तर अवघ्या चार महिन्यांचा! पण आम्हा चेकांचं आयुष्यच तीन महिन्यांचं. माझ्यावर साठ हजारांचा आकडा आहे आणि मी एकदाही बँकेचं तोंड पाहिलेलं नाही. सांगताना अंगाचा तिळपापड होतो!

निफाडच्या महेशशेठनी मला लिहिलं. त्यांचा बेदाण्याचा धंदा. नाशिकच्या हर्षालीने त्यांच्या खोक्यांवर छापायला चार दिवस उन्हात उभं राहून फोटो काढले होते. मला देताना शेठ म्हणाले, "ताई, एवढ्यात टाकू नका बरं का. लय वढाताण चालूय. मी सांगतो, मग टाका."

आणि या भोळ्या पोरीने काय केलं? नोकरी सोडल्यानंतरची पहिली मोठी कमाई म्हणून मला हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं! मी आतून ओरडत होतो, अगं बाई, बँकेत टाक! पण कागदाचं कोण ऐकतं?

शेठची अडचण खोटी नव्हती. पण त्या अडचणीतही गाडीचं डिझेल भागत होतं. थांबायचं फक्त हर्षालीने, कारण ती 'आपली ताई'. मग शेठने फोन उचलणंच सोडलं. इकडे घरभाडं थकलं आणि तिने कॅमेरा विकायला काढला.

गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या दिवशी ती मला घेऊन नाशिक रोडला सुधा वकीलबाईंकडे गेली. बाईंनी माझी तारीख पाहून कपाळाला हात लावला.

"अगं, मुदतीत टाकून वटला नसता, तर तीस दिवसांत नोटीस द्यायची. पुढच्या पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत की फौजदारी केस. ती वाट आता बंद."

"पण ते सांगतो म्हणाले होते," हर्षाली पुटपुटली.

"तो कशाला सांगेल? कामाचे मेसेज आहेत ना? चेकवर त्याची सही आहे. तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावता येतो. आजच नोटीस धाडू."

हर्षालीने तिथूनच गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

नोटीस पोचली आणि शेठचा फोन आपणहून आला. "ताई, नोटीस कशाला? आपण घरचीच माणसं!"

"मग घरच्या माणसाला उत्तर लेखी द्या," हर्षाली म्हणाली.

पैसे अजून आलेले नाहीत. मी वकीलबाईंच्या फायलीत पुरावा म्हणून पडून आहे. मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी संतापून सांगतो, मला मुळीच जपू नका! देवाला दुरून दाखवा आणि मुदतीत बँकेत टाका. वटलो तर पोटाच्या कामी येईन, नाही वटलो तर कोर्टात कामी येईन.